मंचीय बाटलीतील शेषजलाचे प्रमाण व परिणाम : नरडाणा परिसराच्या विशेष संदर्भात

पाणी, हवामानबदल आणि पर्यावरण या विषयांवरच्या विद्यापीठीय चर्चासत्रांत आजवर जमिनीवरच्या पाण्याचा विचार झाला, जमिनीखालच्या पाण्याचा झाला, ढगांतल्या पाण्याचाही झाला. अध्यक्षांच्या पुढ्यातल्या बाटलीत उरलेल्या पाण्याचा विचार मात्र कोणत्याही शोधनिबंधात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला नाही. ती उणीव दूर करण्यासाठी हा अल्प प्रयत्न.

क्षेत्र म्हणून नरडाण्याची निवड विचारपूर्वक केली आहे. गाव शिंदखेडा तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर. सुरत-भुसावळ लोहमार्गावर स्टेशन आहे, शिवाय औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे बीजभाषक रस्त्याने येवो की गाडीने, उशिराची सबब त्याला स्वतःलाच शोधावी लागते. तालुका अवर्षणप्रवण. उत्तरेला तापी. ती मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालत सुरतेकडे समुद्राला मिळते आणि वाटेत सुलवाड्याच्या बॅरेजपाशी थोडी थबकते. पाणी डोळ्यांना दिसते आणि हंड्यात येत नाही, ही परिस्थिती जलविषयक चर्चासत्रासाठी सर्वथा पोषक मानली पाहिजे. विद्यापीठ जळगावला. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले, जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांचे, आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव लावणारे.

आता ऋतूविषयी. जलचर्चा प्रामुख्याने मार्चात पिकते. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये ठराव करून २२ मार्च हा जागतिक जलदिन ठरवला आणि १९९३ पासून तो पाळला जाऊ लागला, हे सर्वश्रुत आहे. परंतु अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडले नाही तर परत जाते, हे न्यूयॉर्कला बसून त्यांना कसे कळले असावे, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. खानदेशात मार्चात विहिरीचा तळ दिसू लागतो आणि चर्चासत्रांना पूर येतो. या दोहोंचा कार्यकारणसंबंध लेखक सुचवत नाही. सहसंबंध मात्र उघड आहे.

व्याख्या अशी. उद्घाटन सत्रात पांढरे कापड अंथरलेल्या टेबलावर प्रत्येक मान्यवरापुढे ठेवलेल्या २०० मिलिलिटरच्या सीलबंद बाटलीतील पाणी म्हणजे मंचजल. राष्ट्रगीत होऊन मंच रिकामा झाल्यावर त्यातले जे मागे राहते ते शेषजल. उद्घाटनाला रोपाच्या कुंडीत घातले जाणारे पाणी यात धरलेले नाही, कारण ते स्वतंत्र शाखेचा विषय आहे. दीपप्रज्वलनाऐवजी रोपाला पाणी घालण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. मंचावरचे सगळे मान्यवर तांब्याला हात लावतात, छायाचित्रकार ‘सर, पुन्हा एकदा’ म्हणतो, ते पुन्हा घालतात, मग जिओटॅगच्या फोटोत अक्षांश-रेखांश उमटले नाहीत म्हणून तिसऱ्यांदा. पंधरा मिनिटांत त्या तुळशीला किंवा कडुनिंबाच्या रोपाला जेवढे पाणी मिळते तेवढे पुढच्या पंधरवड्यात मिळत नाही. मुळे कुजून मरण आणि तहानेने मरण यांतले अंतर त्या कुंडीत फारच थोडे असते.

शेषजल का उरते? लोभी दिसू नये म्हणून, असे एक मत आहे. पाहुण्याने पाणी गटागटा संपवले तर यजमानाला वाटते, याला वाटेत कुणी पाणी विचारलेच नाही. हे मत लेखकाला अपुरे वाटते. खरे कारण स्थापत्याचे आहे. आपल्याकडच्या सभागृहांत स्वच्छतागृह प्रेक्षकांच्या मागे, बहुधा बाहेर आणि मैदानापलीकडे असते. मंचावरून उतरून, तीनशे विद्यार्थ्यांमधून वाट काढत तिथे जाणे आणि त्याच वाटेने परतणे ही गोष्ट कोणत्याही अधिष्ठात्याच्या प्रतिष्ठेला झेपणारी नाही. प्रास्ताविक, स्वागतगीत, परिचय, सत्कार, स्मरणिकेचे प्रकाशन, बीजभाषण, मनोगते आणि अध्यक्षीय समारोप एवढी मजल मारायची असल्याने सुज्ञ मान्यवर पहिल्या घोटापाशीच थांबतो. अनुभवी अध्यक्ष तर फक्त सील तोडतात, झाकण परत लावतात आणि बाटली लेबल श्रोत्यांकडे येईल अशी फिरवून ठेवतात. आपल्याकडची जलसाक्षरता ही मूत्राशयापाशी सुरू होते, असे म्हणायला हरकत नसावी.

मोजमापाकडे वळू. सात मान्यवर आणि प्रत्येकाची बाटली अर्धी उरली असे गृहीत धरले, तर शेषजल ७०० मिलिलिटर. पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर सहा निमंत्रित असतात, त्यांनाही बाटल्या असतात. त्या धरून १३ अर्ध्या बाटल्या, म्हणजे १३०० मिलिलिटर. आता हे पाणी पर्जन्यमापकात ओतून पाहावे. भारतीय हवामान विभागाच्या प्रचलित पर्जन्यमापकांपैकी एका प्रकाराच्या नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटर असते. साधा भागाकार केला तर २०० मिलिलिटरची एक भरलेली बाटली म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पाऊस. हा योगायोग इतका नेमका आहे, की बाटलीवाल्यांनी आणि मापकवाल्यांनी एकाच टेबलावर बसून तो ठरवला असावा अशी शंका येते. हवामान विभागाच्या वर्गवारीत १० मिलिमीटर हा हलका पाऊस. मंचावरच्या सात अर्ध्या बाटल्यांचा ३५ मिलिमीटर होतो, तो मध्यम. पहिली रांग मिळवली की ६५. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महाराष्ट्रात ती अतिवृष्टी समजतात आणि पंचनाम्यांना सुरुवात होते. नियम ‘पेक्षा जास्त’ म्हणतो, हे लक्षात घेऊन तेरा जणांपैकी कुणीतरी एक घोट कमी प्यावा. शक्यतो प्रमुख पाहुण्यांनी, कारण निर्णयप्रक्रियेत त्यांचा सहभाग नोंदवणे इष्ट असते.

हेच १३०० मिलिलिटर पाणी मापकाऐवजी एक चौरस मीटर जमिनीवर ओतले तर काय होते, तेही नोंदवणे क्रमप्राप्त आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. तेव्हा पाऊस १.३ मिलिमीटर. दिवसाला ‘पावसाचा दिवस’ म्हणायला किमान २.५ मिलिमीटर लागतो. तात्पर्य, तेच पाणी अहवालात अतिवृष्टी आणि ढेकळावर कोरडा दिवस. घोषित गुंतवणूक आणि पूर्ण झालेली कामे यांच्या अभ्यासकांना ही पद्धत उपयोगी पडेल. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटर रोजचे प्रमाण घेतले, तर नरडाण्यातल्या एका माणसाच्या एका दिवसासाठी असली ४२ हून अधिक चर्चासत्रे घ्यावी लागतील. मार्चात दिवस ३१.

पूर्वसाहित्याचा आढावा निराशाजनक आहे. पांझरेच्या खोऱ्यात काही शतके फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एका हंगामात सगळ्यांचे एकच पीक. पाणी कमी दिसले तर त्या वर्षी काही फड भिजवायचेच नाहीत, असे आधी ठरे आणि सगळे ते पाळत. पाटकरी पाणी देई, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार सगळ्यांवर नजर ठेवी आणि मोबदला धान्यात मिळे. ही पांझरा याच तालुक्यात मुडावदला तापीला मिळते. लाभधारक एकत्र जमत, भांडत आणि वाटप ठरवून घरी जात. परंतु या सभांत स्वागतगीत नाही, ट्रॉफी नाही, बाटली नाही. त्यामुळे शेषजलाची एकही नोंद सापडत नाही, आणि प्रस्तुत विषयासाठी हे साहित्य बाद ठरवावे लागले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले आणि त्यांनी सुरुवातीलाच दातर्तीला पांझरेच्या एका प्रवाहावर नळाचा सायफन बांधला. त्या काळात त्यांनी किती चर्चासत्रांना हजेरी लावली याचे प्रमाणपत्र उपलब्ध नाही.

शिरपूर पॅटर्नची गोष्ट वेगळी. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ च्या सुमारास आमदार अमरीशभाई पटेलांच्या पाठबळाने शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद केले, त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे घातले आणि विहिरींत पुनर्भरण केले. प्रत्येक चर्चासत्रात त्यावर निबंध असतोच. नरडाण्याहून उत्तरेला निघून तापीचा पूल ओलांडला की शिरपूर येते. निबंधवाचक मात्र स्लाइडवर कुठून तरी उतरवून घेतलेले छायाचित्र दाखवतात, कारण पूल ओलांडल्याचे बढतीसाठी गुण मिळत नाहीत. तापीच्या उत्तर काठाला जाड गाळाचा प्रदेश आहे. दक्षिणेला बेसाल्ट आणि त्याला उभ्या चिरत जाणाऱ्या खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक. पलीकडचे जसेच्या तसे अलीकडे लागू होईल का, हा प्रश्न खरे तर चांगला आहे. तो विचारला जातो तेव्हा भोजनावकाश झालेला असतो. शेवभाजीचा तवंग आणि कळण्याची भाकरी यांच्यापुढे भूस्तरशास्त्र टिकत नाही, आणि लेखकाच्या मते टिकूही नये.

शेषजलाची विल्हेवाट हा भाग क्षेत्रीय निरीक्षणाचा आहे. सत्र संपताच शिपाई येतो, ‘सर, बाटल्या गोया करू का?’ विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता करतो. पाणी तो बहुधा मागच्या नळाखालच्या बादलीत ओततो, दुपारी त्यातून व्हरांडा पुसला जातो. संपूर्ण दिवसात पुनर्वापराचे प्रत्यक्ष झालेले काम एवढेच. समारोपाच्या अहवालात मात्र ते येत नाही, कारण त्याचा जिओटॅग फोटो कुणी काढत नाही. रिकाम्या बाटल्यांचे पोते भंगारवाल्याकडे जाते. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची आहे, म्हणजे त्या वर्षीच्या जलदिनाच्या दुसऱ्या दिवसाची. आदल्या दिवशीचे फ्लेक्स तेव्हा उतरायचे राहिले असतील.

एक तांत्रिक अडचण मात्र राहते. पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात आणि त्याआधीच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर चढतो. उद्घाटन पत्रिकेत दहाला असते, अध्यक्ष साडेअकराला येतात. त्यामुळे २२ मार्चच्या मंचजलाची नोंद २३ मार्चला होईल. तो जागतिक हवामान दिन असतो, आणि त्याचे चर्चासत्र वेगळ्या विभागाकडे, वेगळ्या बजेटमध्ये आहे.