लांबहाते

वसई-विरार पट्ट्यात लांबहाते नावाची एक जमात राहते. तिला ना जात, ना धर्म. वाडवळांत लांबहाते आहेत, कुपाऱ्यांत आहेत, आगऱ्यांत आहेत आणि नालासोपाऱ्यात हप्त्यावर वन बीएचके घेतलेल्या कोकण्यांत तर भरपूर आहेत. वय साधारण बेचाळीस ते बावन्न. हातात कागद आला की यांचा हात आपोआप लांब होतो, हनुवटी मागे जाते, भुवया चढतात आणि तोंड अर्धवट उघडतं. वाचायला तोंड कशाला उघडावं लागतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

लांबहात्याला कधीही कमी दिसत नसतं. हल्ली छपाईच बारीक करतात, कागद वाचवतात लेकाचे. ट्यूब जुनी झाली आहे. शाई फिकी आहे. वेष्टनावरची अक्षरं निदान एक मिलिमीटर उंच हवीत, असं २०११ चे वजनमापाचे नियम सांगतात. पण एक मिलिमीटर ही काय उंची झाली? इथे तो थेट सोपाऱ्याचा दाखला देतो. सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच सोपाऱ्यात राजाज्ञा खडकावर कोरून ठेवल्या. त्यांतल्या एकीचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. मुंबईच्या संग्रहालयात जाऊन लांबहाते तो बघून आलेला असतो. "ब्राह्मी येत नाही हो आपल्याला," तो सांगतो, "पण अक्षर दिसतं तरी!"

शरीरशास्त्र मात्र त्याची बाजू घेत नाही. जवळचं बघायचं तर डोळ्यातलं भिंग फुगावं लागतं, आणि वयाबरोबर ते ताठ होत जातं. दहा वर्षांच्या पोराला नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षर स्वच्छ दिसतं. चाळिशीत हे अंतर साधारण वीसवर जातं, पन्नाशीच्या आसपास चाळीसच्या पुढे. साठी ओलांडेपर्यंत भिंगाने फुगणं जवळपास सोडूनच दिलेलं असतं. गाजराचा रस आणि पहाटे डोळ्यांवर मारलेले गार पाण्याचे हबके यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

जगभरचे लांबहाते सुरुवातीची दोन-चार वर्षं हाताच्या जोरावर निभावून नेतात. विरारच्या लांबहात्याला ती चैन नाही. चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर त्याला अशा गर्दीत काढायचे असतात, की स्वतःचं कोपर स्वतःच्याच बरगडीत रुतलेलं असतं. मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर धरता येतो, त्याहून लांब नेला तर तो दुसऱ्याच्या कानात जातो. त्यामुळे परतीची गाडी सात तेराची की सात अठराची, हे त्याला पडद्यावर कळत नाही. तो शेजारच्याला सहज विचारल्यासारखं विचारतो, "किती दाखवतंय तुमच्यात?"

बसायला मिळालं तर मात्र लांबहाते एक युक्ती करतो. स्वतःचा पेपर तो घडीही न मोडता शेजाऱ्याला देऊन टाकतो आणि समोरच्या बाकावरच्या माणसाचा वाचू लागतो. दोन-अडीच फुटांवरचा तो पेपर त्याला आरशासारखा लख्ख दिसतो. भाईंदरची खाडी येईपर्यंत त्याचं शेवटचं पान वाचून झालेलं असतं. मग तो अस्वस्थ होतो आणि समोरच्याला म्हणतो, "उलटा की आता."

घरी परिस्थिती कठीण असते. देवनागरीत आधी जातो तो अनुस्वार. पाठोपाठ घ आणि ध, भ आणि म, ब आणि व एकमेकांत विरघळतात. एका मे महिन्यात मेहुण्याचा संदेश येतो: 'आंबा निघालाय. पहाटे पाचला वसई फाट्यावर उतरवून घ्या.' लांबहात्याला त्यातला अनुस्वार दिसत नाही. सासऱ्यांना 'निघालाय' म्हणणाऱ्या मेहुण्याचे संस्कार काढत तो पावणेपाचला महामार्गावर रिक्षा घेऊन उभा राहतो. आबांना गुडघ्यांचा त्रास, म्हणून सोबत प्लॅस्टिकची खुर्चीही घेतलेली. ट्रॅव्हल्सची बस थांबते, क्लीनर दोन पेट्या खाली ठेवतो, बस निघून जाते. लांबहाते धावत्या बसमागे ओरडत राहतो, "अहो, आमचे आबा!"

तरी चष्मा नाही. औषधाच्या बाटलीवरची मुदत बघायला तो मोबाइलने फोटो काढतो आणि चिमटीने मोठा करतो. हे इतकं अंगवळणी पडतं, की एकदा छापील लग्नपत्रिकेवरही तो दोन बोटं फाकवून बघतो. मुलगी म्हणते, "पप्पा, तो कागद आहे." रविवारी चर्चमध्ये वाचनाची पाळी आली, तर आधीचे चार दिवस तो उतारा पाठ करत हिंडतो, 'थेस्सलनीकाकरांस' एवढं पार पडलं की त्याची मिस्सा सुफळ झाली. मासळी बाजारात तो अजून राजा आहे. कल्ले उचलून, बोटाने दाबून, वास घेऊन तो ताजं पापलेट बरोबर निवडतो. मात्र भिंग, पाला अशी केसासारखे काटे असलेली मासळी त्याने अलीकडे सोडली आहे. विचारलं तर सांगतो, "पूर्वीसारखी चव राहिली नाही."

बायकोने मात्र तीन वर्षांपूर्वीच शिबिरात नंबर काढून घेतलेला असतो. तिचा चष्मा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो: गुलाबी फ्रेम, दोन्ही दांड्यांना जोडलेली मण्यांची साखळी. ती बाजारात गेली की लांबहाते दार लावून तो घालतो आणि मेंटेनन्सचं बिल वाचतो. एक दिवस बिल्डिंगचे सेक्रेटरी अवेळी बेल वाजवतात. दार उघडून तो त्यांच्याशी पाणीटंचाईवर दहा मिनिटं बोलतो. सेक्रेटरी त्याच्या गळ्यावर रुळणाऱ्या मण्यांकडे बघत राहतात, बोलत काही नाहीत.

"अहो, करून घ्या ना एकदाचा," बायको म्हणते.

२०२४ च्या सप्टेंबरात त्याला थोडी आशा वाटली होती. चाळिशीचा चष्मा घालवणारे थेंब भारतात येणार, अशा बातम्या झळकल्या. औषध तसं जुनंच, पायलोकार्पिन. ते बाहुली बारीक करतं आणि काही तास जवळचं बरं दिसतं. लांबहात्याने तीन मेडिकल पालथी घातली. तेवढ्यात कंपनीने केलेल्या दाव्यांवर बोट ठेवून सरकारने परवानगीच स्थगित केली. "लॉबी असते चष्मेवाल्यांची," एवढं बोलून त्याने विषय मिटवला.

मुलगी त्याला आकडे ऐकवते. जगात सुमारे ८२ कोटी ६० लाख माणसांना केवळ योग्य चष्मा नसल्यामुळे जवळचं नीट दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना साधे चष्मे देऊन पाहिले. ज्यांना दिले नव्हते त्यांच्या तुलनेत त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं, असं 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने २०१८ साली छापलं. "मी कुठे चहा खुडायला जातो?" लांबहाते विचारतो. वाडीत पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी त्याची थोरली वहिनी हे ऐकते, आणि पुढच्याच आठवड्यात चष्मा करून आणते.

अखेर तोही जातो, पण वसईत नाही. वसईत ओळखीचं कोण भेटेल, नेम नसतो. तो दादरला उतरतो आणि फुटपाथवरच्या विक्रेत्यापुढे उभा राहतो. शंभर-दीडशे रुपयांत तयार चष्मे, प्रत्येकाच्या काचेवर नंबराची चिकटपट्टी. ती पट्टी इतकी बारीक, की ती वाचायला चष्माच हवा. लांबहाते सवयीने हात लांब करतो. विक्रेता त्याच्या हाताकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "दीड बघा घालून साहेब."

दीड लागतो. जगातली सगळी छपाई एका क्षणात सुधारते.

मग बायकोच त्याला ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. तयार चष्म्यात दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात, आपले डोळे तसे असतीलच असं नाही. शिवाय या वयात काचबिंदू चोरपावलांनी येतो आणि मधुमेहाच्या खुणा डोळ्याच्या पडद्यावर आधी दिसू शकतात, हे तिला शिबिरातच कळलेलं असतं. लांबहाते दुहेरी काचेचा चष्मा घेऊन बाहेर पडतो आणि वसई रोडच्या पुलाचा जिना बिचकत उतरतो, कारण खालच्या काचेतून पायरी पुसट दिसते. गाडीत नवीच पंचाईत. वाचायच्या काचेतून हातातला पेपर स्वच्छ दिसतो, समोरच्याचा अंधूक होतो. आता स्वतःचा पेपर स्वतःच वाचावा लागतो आणि शेजाऱ्याचा फुकटचा रतीब बंद पडतो.

महिन्याभरात तो प्रचारक होतो. डब्यात कोणाचा हात जरा लांब झाला, की याची नजर तिथे. "घ्या, माझा लावून बघा," म्हणून खिशातला सुटा चष्मा पुढे करतो. गाडीतल्या ग्रुपमध्ये आता नंबर मार्कांसारखे सांगितले जातात. सव्वावाला अजून पोरगा समजला जातो. दीडवाले मधल्या सीटवर. मीरा रोडला एक गृहस्थ शांतपणे सांगतात, "माझा अडीच आहे," आणि लांबहाते उठून त्यांना खिडकी देतो.