कळसदर्शन

पूर्वी मॅनेजमेंटच्या पोरांची 'आयव्ही', म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, दुधाच्या डेअरीत निघायची. डोक्याला प्लास्टिकची टोपी, काचेपलीकडे पिशव्या भरणारं यंत्र, शेवटी सुगंधी दुधाची थंडगार बाटली. संचालक दिलदार असले तर पुढे तीन दिवस गोवा, ज्याचा उद्योगजगताशी असलेला संबंध अहवालात दोन ओळींत सिद्ध करावा लागे. आता आमची आयव्ही पुण्याहून निघून सिलिकॉन व्हॅलीला जाते. सुगंधी दुधाच्या जागी बुडबुड्यांचं पाणी आलं, एवढाच काय तो फरक.

सोबतचा प्राध्यापक म्हणून, म्हणजे बत्तीस पासपोर्ट आणि क्रोसिनचं पाकीट सांभाळणारा माणूस म्हणून, मी ही वारी तीनदा केली आहे. दर खेपेला एक जण हमखास भेटतो. नाव बदलतं, चष्म्याची फ्रेम बदलते, माणूस तोच. वर्ग त्याला 'फाउंडर' म्हणतो. त्याने काय फाउंड केलंय हे कोणी विचारत नाही, कारण विचारलं की तो सांगायला लागतो.

फाउंडर मूळचा सांगलीकडचा. वडिलांचा हळदीचा व्यापार. सकाळी सौद्याला उभं राहून गाठ मोडून माल पारखणारा माणूस. पोराच्या आयव्हीसाठी त्यांनी एक एफडी मोडली. फाउंडरने त्यांना समजावलं होतं की ही ट्रिप नसून 'एक्सपोजर' आहे. वडिलांच्या माहितीतलं एक्सपोजर म्हणजे उघड्यावर राहिलेली हळद, जिचा रंग उडतो. पण ते काही बोलले नाहीत.

कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, या भरवशावर फाउंडरने बॅगेत चार हाफ पँटी भरल्या होत्या. जूनमधलं सॅन फ्रान्सिस्को हे असं गाव आहे की समुद्रावरून धुकं आत शिरतं आणि भर दुपारी दातावर दात आपटतात. गोल्डन गेट पुलाचा वरचा अर्धा भाग धुक्यात गेलेला, खाली फाउंडर हाफ पँटीत निळा पडत चाललेला. संध्याकाळी फिशरमन्स वॉर्फला त्याने शहराचं नाव छापलेली हुडी घेतली. त्या दुकानांचा निम्मा धंदा याच भरवशावर चालत असावा. 'सर, झुकरबर्गपण हुडीच घालतो,' तो म्हणाला. थंडी वाजली हे कबूल करणं फाउंडर लोकांच्या स्वभावात नसतं.

पंढरपुरात गर्दी फार असली की लोक पदस्पर्शाचा नाद सोडून मुखदर्शन घेतात. तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडून परततात. आमच्या वारीचंही तसंच. क्युपर्टिनोला ॲपल पार्कसमोर पाहुण्यांसाठी वेगळी इमारत आहे. तिच्या गच्चीवरून झाडांच्या फटीतून ती मैलभर घेराची गोल वास्तू थोडीशी दिसते. खाली मोठं मॉडेल आहे, आयपॅड धरला की त्यात इमारतीचं पोट उघडून दिसतं. म्हणजे खरी इमारत समोर असताना तिचं चित्र बघायचं. मग टी-शर्ट.

एका कंपनीत मात्र आम्हाला गाभाऱ्यापर्यंत सोडलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दारातच टॅब्लेटवर बोटाने सही करून तसं वचन दिलंय. छातीवर 'व्हिजिटर'चं स्टिकर, आणि आमचाच एक जुना विद्यार्थी यजमान. त्याने चाळीस मिनिटं स्लाइड दाखवल्या, ज्यातलं एकही वाक्य गुपित नव्हतं. प्रश्नोत्तरांत फाउंडर उठला. 'फर्स्ट ऑफ ऑल, थँक यू,' इथून सुरू झालेला प्रश्न तीन मिनिटांनी 'कॅन वी कनेक्ट ऑन लिंक्डइन?' इथे येऊन टेकला. यजमानाने हो म्हटलं आणि हळूच मला मराठीत विचारलं, 'सर, बाकरवडी आणलीय का कोणी?' पोरं तोवर फुकटच्या खाऊच्या खोलीत पोहोचली होती. हुडीला पोटावर केवढा मोठा खिसा असतो ते मला तिथे कळलं.

पालो आल्टोत ॲडिसन ॲव्हेन्यूवर 367 नंबरचं घर आहे. त्यामागच्या हिरव्या दाराच्या गॅरेजात ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी 1939 मध्ये 538 डॉलरवर धंदा मांडला. कोणाचं नाव आधी लावायचं यासाठी नाणं उडवलं. पॅकार्ड बायकोसह घरात राहायचे, ह्युलेट मागच्या शेडमध्ये झोपायचे. आत जाता येत नाही, फुटपाथवरून बघायचं. फाउंडरने तिथून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. आमचे सकाळचे अकरा, सांगलीत रात्रीचे साडेअकरा. ते झोपेतून उठून बसले.

'बाबा, हे बघा, इथून सिलिकॉन व्हॅली सुरू झाली!'

'गोडाऊन बारकं आहे,' वडील म्हणाले. 'भांडवल किती घातलं होतं?'

'538 डॉलर.'

पलीकडे शांतता. व्यापारी माणूस मनात गुणाकार करत असला की चेहरा असाच होतो. 'म्हणजे आजच्या भावाने पन्नास हजाराच्या आसपास. आणि तुझ्या ट्रिपचे साडेतीन लाख.' त्यांना जुना डॉलर आणि नवा डॉलर यांतला फरक मी समजावू शकलो असतो. पण साडेअकराला कुठे अर्थशास्त्र काढायचं? 'जेवलास का?' असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

शेवटचा मुक्काम मेन्लो पार्क. मेटाच्या दारातल्या पाटीपुढे फोटोसाठी रांग. फाउंडरने हात घडीचा, हात खिशात आणि दूर क्षितिजाकडे बघतानाचा असे तीन काढले. मी पाटीच्या मागे गेलो. मागच्या बाजूला सन मायक्रोसिस्टिम्सची जुनी पाटी तशीच आहे. ही जागा आधी त्यांची. 1982 साली स्थापन झालेली ही दादा कंपनी पुढे ओरॅकलने विकत घेतली. नव्या भाडेकरूंनी पाटी काढून टाकली नाही, नुसती उलटी केली. आपलीही एक दिवस अशीच पाठ होऊ शकते, याची आठवण राहावी म्हणून, असं म्हणतात.

मी फाउंडरला हाक मारली. तो आला, वाचलं. 'सर, सन म्हणजे सोलरवाले का?'

'अरे, जावा यांचीच.'

त्याचा चेहरा पडला. इंजिनिअरिंगला जावात त्याची दोनदा केटी लागली होती. ज्या कंपनीने त्याचं एक वर्ष खाल्लं, तिचं थडगं तो बघत होता, आणि हुडीत हात घालून जरा वेळ गप्प उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी विचारेल. तेवढ्यात पुढून कोणीतरी ओरडलं, 'ग्रुप फोटो!' तो पळाला.

रात्री लिंक्डइनवर पोस्ट पडली. 'हम्बल्ड' हा शब्द दोनदा होता. फोटो पुढच्या बाजूचा.

ऑक्टोबरात ज्युनिअर बॅचसाठी त्याचं सत्र ठेवलं. पुण्याचा ऑक्टोबर, बंद पडलेला एसी, आणि फाउंडर हुडीत. कपाळावरून घाम ओघळतोय आणि पडद्यावर 'इकोसिस्टम', 'माइंडसेट', 'डिसरप्शन'. तासाभराने मागच्या बाकावरच्या एका पोराने भीत भीत विचारलं, 'दादा, जाताना काय न्यावं लागतं?'

फाउंडर थांबला. बाहीने कपाळ पुसलं. आणि त्या सबंध तासात पहिल्यांदाच मराठीत म्हणाला, 'स्वेटर ने रे. मरशील.'