बोल लावायला माणूस

क्रूझ, म्हणजे ज्या प्रवासात बंदर हे केवळ निमित्त असते आणि जहाज हेच मुक्कामाचे खरे ठिकाण असते असा प्रवास, महाराष्ट्रातील सुस्थित मध्यमवर्गाच्या आयुष्यात बराच उशिरा आला. कारण आधीच्या पिढ्यांना समुद्र ठाऊक होता तो रत्नागिरीस किंवा वेंगुर्ल्यास पोहोचण्याची वाट म्हणून, आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीच्या डेकवर वळकटी पसरणाऱ्यास बाल्कनीची केबिन घ्यावी की खिडकीची, हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ धावू लागली, २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० सालचे, परंतु नव्या नावाने पुन्हा तरुण झालेले जहाज मुंबईहून निघू लागले, सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर जैन जेवणही मिळते ही वार्ता सर्वदूर पोहोचली, आणि या वर्गापुढे एक तात्त्विक पेच उभा राहिला: केबिन एजंटामार्फत घ्यावी, की कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट?

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. थेटपक्षाचे म्हणणे असे, की मधला माणूस वगळला की त्याच्या वाट्याची मलई आपोआप प्रवाशाच्या वाटीत पडते. तर एजंटपक्षाची धारणा अशी, की एजंट हा ‘आपला माणूस’ असून तो ‘आतून’ काहीतरी जमवून देतो, मग ते ‘आत’ नेमके कोठे आहे हे कोणीही पाहिलेले नसले तरी चालते. दोन्ही मते श्रद्धेच्या कोटीतील असल्याने त्यांच्यात वाद अखंड चालतो आणि हिशेबाची वही कोणीच उघडत नाही.

ती उघडली असता असे दिसते, की मोठ्या क्रूझ कंपन्यांचे जाहीर भाडे संकेतस्थळावर आणि एजंटाकडे बहुधा एकच असते. एजंटाचे कमिशन, जे साधारणतः १० ते १६ टक्क्यांच्या दरम्यान असते, ते कंपनी आपल्या पदरचे देते. तेही संपूर्ण रकमेवर नव्हे, तर बंदरकर, सरकारी शुल्के आणि भाड्यातीलच ‘कमिशनबाह्य’ म्हणून वेगळा काढलेला भाग वजा जाता उरलेल्या रकमेवर. प्रवाशाने थेट आरक्षण केले म्हणजे हे कमिशन वाचते हे खरेच आहे, फक्त ते कंपनीचे वाचते. उलट काही एजंट स्वतःच्या कमिशनातून थोडा तुकडा ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ या रूपाने, म्हणजे जहाजावरच खर्च करता येईल अशा जमा रकमेच्या रूपाने, ग्राहकास परत देतात. तेव्हा मधला माणूस वगळून स्वस्तात जाणारा प्रवासी पुष्कळदा त्याच्यामार्फत गेलेल्या शेजाऱ्यापेक्षा काही डॉलर महाग जातो आणि ताठ मानेने जातो.

ही समजूत विमानावरून आली असावी. १९९५ मध्ये अमेरिकेतील डेल्टा या विमान कंपनीने देशांतर्गत तिकिटांवरील एजंटांच्या कमिशनास कमाल मर्यादा घातली, पाठोपाठ इतरांनीही तेच केले, आणि २००२ पर्यंत तेथील प्रमुख कंपन्यांनी मूळ कमिशन शून्यावर आणले. त्यावरून जहाजांच्या एजंटाचेही दिवस भरले असे भविष्य अनेकांनी वर्तविले. ते खरे करून दाखविण्याचा उत्साह रेनेसान्स क्रूझेस या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दाखविला, म्हणजे एजंटांचे कमिशन कापून ग्राहकांस थेट गाठण्याचे धोरण जाहीर केले. एजंटांनी तिच्या केबिनी विकणे थांबविले, कंपनीस नमते घ्यावे लागले, आणि सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कवरील हल्ल्यांनंतर अवघ्या काही दिवसांत, तिने दिवाळखोरी पत्करली. दिवाळखोरीचे खापर सर्वस्वी एजंटांवर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि तेव्हापासून क्रूझ कंपन्या एजंटांविषयी जो जिव्हाळा दाखवितात तो भीतीवाचून आलेला नाही.

विमानात खिडकी किंवा मार्गिका एवढीच निवड असते, जहाजाचे तसे नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. एकाच दराच्या दोन केबिनींपैकी एकीसमोर निळा समुद्र असतो व दुसरीसमोर जीवनरक्षक नौकेचे नारिंगी पोट. एकीच्या डोक्यावर शांत मार्गिका असते, तर दुसरीच्या डोक्यावर पहाटे तीनपर्यंत चालणारा नृत्यकक्ष. ‘गॅरंटी केबिन’ या भारदस्त नावाखाली जे मिळते त्यात हमी केवळ केबिनीच्या प्रतीची असते. तिचा क्रमांक कंपनी नंतर आपल्या सोयीने देते, म्हणजे ज्याची चिंता आहे तेवढेच वगळून बाकी सर्व निश्चित असते. थेटपक्षाचा साधक हे सर्व रात्री जागून, जहाजाचे चौदा मजली नकाशे मोठे करून पाहत, स्वतः शिकतो. या श्रमांचे मोल तो हिशेबात धरीत नाही, कारण धरले तर एजंट स्वस्त ठरेल.

भारतीय प्रवाशापुढे याहून सूक्ष्म एक मोह आहे. परदेशी सहलीचे पॅकेज येथील विक्रेत्याकडून घेतल्यास त्याने ग्राहकाकडून ‘टीसीएस’, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल करून सरकारजमा करावयाचा आगाऊ प्राप्तिकर, घ्यावा असा नियम ऑक्टोबर २०२० पासून आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सात लाखांपुढील रकमेस त्याचा दर २० टक्के झाला. पुढे मर्यादा व दर बदलत राहिले, पण धसका कायम राहिला. हा कर विवरणपत्र भरताना वळता करता येतो वा परत मिळतो. तो टाळण्यासाठी हुशार प्रवासी परदेशी संकेतस्थळावर क्रेडिट कार्डाने थेट पैसे भरतो, आणि त्यासाठी अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जाणारे परकीय चलनाचे अधिशुल्क व त्या अधिशुल्कावरील जीएसटी बँकेस देतो, जे कधीही परत मिळत नाही. परत येणारे पैसे वाचविण्यासाठी न येणारे पैसे मोजण्याच्या या कृतीस ‘स्मार्ट बुकिंग’ म्हणतात.

एवढ्यावरून एजंट निर्दोष ठरत नाही. ज्या कंपनीकडून कमिशन अधिक, तिचेच जहाज ग्राहकाच्या स्वभावास अनुरूप असल्याचा साक्षात्कार त्यास वारंवार होतो. शेवटचा हप्ता, जो जहाज सुटण्याआधी दोन-तीन महिने भरावा लागतो, तो भरेपर्यंत पहिल्या घंटीस उचलला जाणारा त्याचा फोन नंतर दीर्घकाळ व्यग्र राहतो. आणि एजंटामार्फत झालेल्या आरक्षणाबाबत कंपनी प्रवाशाशी सहसा परस्पर बोलत नाही, त्याला एजंटाकडेच परत पाठविते, त्यामुळे हे व्यग्रपण विशेष बोचते. शिवाय कित्येक एजंट समोर चहा ठेवून, पडदा आपल्याकडे वळवून, तेच संकेतस्थळ उघडतात जे ग्राहकाने आदल्या रात्री घरी पाहिलेले असते.

तरीही एजंट टिकून आहे, आणि त्याचे कारण दरपत्रकात सापडत नाही. तो जी वस्तू विकतो ती केबिन नसून बोल लावण्याचा हक्क आहे. अथेन्सजवळच्या बंदरातून निघून तुर्कस्तानातील कुशादासी येथे थांबणारे व पुन्हा ग्रीक बेटांकडे वळणारे जहाज प्रवाशास शेंगेन क्षेत्राबाहेर नेऊन परत आत आणते, त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा त्यास पुरत नाही. ही गोष्ट चेक-इनच्या रांगेत उमगली असता एजंटपक्षाचा प्रवासी कोणास फोन करून काय बोलावे हे जाणतो, आणि थेटपक्षाचा प्रवासी आपल्याच ई-मेलमध्ये आपणच टिकचिन्ह केलेल्या अटी वाचीत उभा राहतो. सासूबाईंची केबिन चौथ्या मजल्यावर व उरलेल्या कुटुंबाची अकराव्यावर आली, माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या घरातील ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवकांसाठी सक्तीने घेतली जाणारी ऐच्छिक बक्षिसी, शेवटच्या बिलात उगवली, फुकेतला पाऊस लागला, किंवा बिर्याणीत मीठ कमी पडले, तरी एजंट असलेल्या कुटुंबात गृहसौख्य अबाधित राहते. कारण सर्व पिढ्या एका स्वरात ज्यास नावे ठेवू शकतील असा एक परका इसम उपलब्ध असतो. एजंट नसलेल्या कुटुंबात ही जागा आरक्षण करणाऱ्या जावयाकडे जाते, आणि तिला कमिशन नसते.

या जावयाचे पुढे काय होते हेही नोंदण्याजोगे आहे. पहिल्या सफरीनंतर त्याच्या जाणकारीची कीर्ती आप्तांत पसरते, मावससासरे अलास्काविषयी विचारू लागतात, सोसायटीतील तीन कुटुंबे सिंगापूरसाठी पासपोर्टांचे फोटो व्हॉट्सअॅपवर धाडतात, आणि सोळा प्रवाशांचा गट जमल्यास बहुधा एका माणसाचे मूळ भाडे माफ होते, ही व्यवसायातील जुनी सवलत त्याच्या वाचनात येते. तो कंपनीस पत्र लिहून ती मागतो. कंपनी आनंदाने उत्तर देते व सोबत, एजंट म्हणून नोंदणी करण्याचा अर्ज जोडते.