मी मीच आहे हो!

आमच्या अकाउंट्स खात्यात कुणाचा संगणक रुसला, तर आयटीला कळवण्याआधी मला हाक मारायची पद्धत आहे. ही पद्धत कुणी पाडली असं विचाराल, तर मीच पाडली. पात्रता म्हणाल तर जुनंपुराणं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र, रेकॉर्डचं बटण दाबून तयार केलेला एक मॅक्रो आणि समोरच्याच्या खुर्चीमागे उभं राहून ‘हं’ म्हणण्याची हातोटी. हे ‘हं’ फार महत्त्वाचं. निम्मे संगणक त्यानेच बरे होतात. उरलेले ‘बंद करून परत चालू केलंस का?’ या प्रश्नाने. त्यापलीकडचं काही निघालं की मी घड्याळाकडे बघतो आणि मीटिंगला जातो.

माझ्याच लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला तेव्हा जायला मीटिंग नव्हती. घरून काम चालू होतं.

लॅपटॉप वॉरंटीत होता, त्यामुळे इंजिनिअर घरी आला. डायनिंग टेबलावर पेपर पसरून त्याने स्क्रू ओळीने मांडले, जुना बोर्ड काढला, नवा बसवला. मी मागे उभा राहून योग्य त्या जागी ‘हं’ म्हणत होतो. चहा घेऊन आणि जुना बोर्ड चकचकीत पिशवीत घालून तो गेला. मी लॅपटॉप चालू केला, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. डिस्कवरची माहिती कुलूपबंद असते, आणि यंत्रात काही मोठा बदल झाला की कुलूप स्वतःहून लागतं. हेल्पडेस्कच्या मुलाने फोनवर ते आकडे वाचून दाखवले. स्वयंपाकघरात कुकर होता. शिट्टी पडली की तो थांबे, मी ‘परत’ म्हणे, आणि आम्ही तो गट पुन्हा पहिल्यापासून घेत असू.

विंडोज उघडलं, तर पिन चालेना. ‘काहीतरी झालं आहे आणि तुमचा पिन उपलब्ध नाही’ अशा अर्थाचं मोघम इंग्रजी वाक्य आलं. पिन गेला तर गेला, म्हणून मी पासवर्ड टाकून आत शिरलो. एका तासात एकाच यंत्राने दोनदा अनोळखी नजरेने पाहिलं, यावर गुप्तहेरकथांमधल्या कुठल्याही गुप्तहेराने पाइप पेटवला असता. मी एक्सेल उघडलं.

एक्सेल म्हणालं, साइन-इन करा. केलं. एक पांढरी, कोरी चौकट आली, क्षणभर थबकली आणि नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरी आली. तुमच्या संगणकाच्या ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूलमध्ये बिघाड झाला आहे, असं काहीसं तिच्यात लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात ८००९००१६ हा क्रमांक. आता, ‘एरर आला की आधी तो नीट वाचा’ हे मी खात्यातल्या प्रत्येकाला दरडावून सांगत आलो आहे. पण ते त्यांच्या एररबद्दल. माझा मी ‘ओके’ दाबून मिटवला. अशा चौकटी भीती घालण्यासाठीच असतात, हे अनुभवी माणसाला ठाऊक असतं.

घाई होती हेही खरं. वीस तारीख तोंडावर होती आणि वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा असतो. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. शिवाय साहेबांचा चेहरा, त्याचा दर कायद्यात दिलेला नाही. त्या रिटर्नची आकडेमोड माझ्या मॅक्रोच्या फायलीत होती. एक्सेलच्या माथ्यावर ‘परवाना नाही’ अशी पट्टी चढली होती. अशा अवस्थेत फाइल उघडता येते, वाचता येते, छापताही येते. फक्त तिच्यात बोट घालता येत नाही.

“बाबा, ब्राउझरमध्ये उघड ना,” मुलगी म्हणाली.

उघडली. त्याच पत्त्याने, त्याच पासवर्डने, पहिल्या फटक्यात. मेलही दिसली, फायलीही दिसल्या. फक्त ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये असले मॅक्रो चालत नाहीत. म्हणजे माझ्या खात्यात काही दोष नव्हता, पासवर्ड बिनचूक होता आणि भानगड या यंत्रापुरतीच होती, एवढं सगळं त्या एका कृतीने सिद्ध झालं. त्यावर मी काय केलं? पासवर्ड बदलला.

पासवर्डावर माझा पहिल्यापासून राग आहे आणि रागाला इतिहासाचा आधारही आहे. संगणकावर पासवर्डाची पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत रुळली, कारण एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरायचं होतं आणि प्रत्येकाला मोजका वेळ मिळायचा. १९६२ साली तिथल्या ॲलन शेअर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम केलं. पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतले बिल बर यांनी मार्गदर्शन लिहिलं, त्यातून मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, अधूनमधून बदल हवा, हे सगळं जगभर पसरलं. २०१७ मध्ये त्यांनीच सांगितलं की यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असंही म्हटलं. ही बातमी आमच्या ऑफिसपर्यंत यायची आहे. आमच्याकडे दर तिमाहीला बदलतो, आणि आधी वापरलेला चालत नाही. मी बायकोचं नाव, मुलीचं नाव, कुलदैवत आणि गावची नदी हे सगळे कधीच वापरून बसलो होतो. शेवटी एका चुलत मेहुण्याचं नाव टाकलं. तो यंत्राने ताबडतोब स्वीकारला. आमच्या घरात अजून स्वीकारलेला नाही.

एक्सेलने मेहुण्याकडेही ढुंकून पाहिलं नाही. पांढरी चौकट, थबकणं, ८००९००१६.

मग मी क्रेडेन्शियल मॅनेजर उघडलं. विंडोजने साठवलेले ओळखपुरावे तिथे असतात आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जुन्या नोंदी तिथून काढल्या की कधी कधी साइन-इन सुरळीत होतं. हे मला ठाऊक होतं, आणि अर्धवट ठाऊक असण्यात जो आत्मविश्वास असतो तो पूर्ण ज्ञानात कुठून येणार! त्या नोंदींच्या नावांत १६ हा आकडा असतो, कारण २०१६ पासूनच्या सगळ्या ऑफिसचा आतला क्रमांक १६च राहिला आहे. (या क्रमांकांची एक गंमत: ऑफिस २००७चा १२, त्यानंतरच्या २०१०चा थेट १४. तेरा अशुभ म्हणून गाळला. म्हणजे काय, कोट्यवधी लोकांची गणितं करणारं सॉफ्टवेअरसुद्धा मुहूर्त बघतं.) सोळावाल्या तेवढ्याच नोंदी काढायच्या होत्या. पण हात चालू लागला की चालू लागतो, आणि झाडून साफ केलेली यादी बघायला काय बरं वाटतं! ऑफिसचा शेअर्ड फोल्डर आणि ज्या सर्व्हरवर टॅली चालते त्या सर्व्हरचा पासवर्डही त्यात गेला, हे थोड्या वेळाने कळलं. आता मला एक्सेल ओळखत नव्हतं, फोल्डर ओळखत नव्हता आणि टॅलीही ओळखत नव्हती.

ऑनलाइन रिपेअर नावाचा उपाय असतो. त्यात सगळं ऑफिस इंटरनेटवरून उतरवून नव्याने बसवलं जातं. त्यात दुपार गेली आणि घरातल्यांची वेबसिरीज अडकली. बाकी काही झालं नाही.

संध्याकाळी साइन-इनच्या चौकटीने मला एक नवीच वाट दाखवली. हा पत्ता दोन खात्यांना जोडलेला आहे, असं ती म्हणाली: एक ऑफिस किंवा शाळेचं, दुसरं वैयक्तिक. कोणतं हवं? फार पूर्वी कधीतरी मी ऑफिसच्याच पत्त्यावर एक वैयक्तिक खातंही काढून ठेवलं होतं. कामाच्या पत्त्यावर असं नवं खातं काढणं २०१६ मध्ये बंद झालं, पण आधीची तगली. ऑफिस मला ओळखत नाही तर नाही, या बाण्याने मी ‘वैयक्तिक’ निवडलं. आणि साइन-इन झालं! एक्सेलच्या उजव्या कोपऱ्यात महाबळेश्वरला टोपी घालून काढलेला माझा फोटो झळकला. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून तो दाखवला. त्या खात्यावर परवाना मात्र कसलाच नव्हता, त्यामुळे पट्टी होती तिथेच राहिली. शेजारी ‘विकत घ्या’ असं बटण आलं. मी पाकिटातून कार्ड काढलं. हिने काही न बोलता ते माझ्या हातातून घेतलं, परत पाकिटात घातलं आणि म्हणाली, “अहो, त्या हेल्पडेस्कच्या मुलाला विचारलंत का?”

खात्यातला माणूस हेल्पडेस्ककडे जातो म्हणजे काय, हे तिला समजावणं अवघड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, खोलीचं दार लावून, मी तिकीट नोंदवलं. तक्रारीच्या रकान्यात ‘पासवर्ड तपासला आहे, सर्व प्राथमिक उपाय केले आहेत, वरिष्ठ तंत्रज्ञाकडे पाठवावे’ असं लिहिलं. फोन आला तो त्याच आकडेवाल्या मुलाचा. बोलण्यात वऱ्हाडी हेल.

“सर, मदरबोर्ड बदलवला होता ना तुम्ही काल?”

“हो, पण त्याचा काय संबंध? हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे,” मी ‘हं’च्या सुरात म्हणालो.

तो हसला नाही. फार सभ्य मुलगा. त्याने सांगितलं ते असं. मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक चिप असते; २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हापासून तर ती सक्तीचीच झाली. लॅपटॉपवर ऑफिसचं खातं पहिल्यांदा जोडलं, तेव्हा त्या चिपच्या पोटात एक गुप्त किल्ली तयार झाली. ही किल्ली चिपबाहेर येत नाही आणि तिची नक्कल करता येत नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. त्यानंतर एक्सेल किंवा आउटलुक ऑफिसकडे माझी ओळख सांगायला जायचं, तेव्हा पासवर्ड पुरेसा नसायचा. त्या किल्लीची सहीही लागायची. बोर्ड गेला, त्यावरची चिप गेली, चिपबरोबर किल्ली गेली. विंडोजच्या वहीत मात्र ‘किल्ली चिपमध्ये आहे’ ही नोंद तशीच. एक्सेल जाऊन हात घालतं, किल्ली मिळत नाही, ८००९००१६. पिन त्या चिपशीच बांधलेला असतो, म्हणून तोही गेला. डिस्कच्या कुलुपाची किल्लीही तिच्याच भरवशावर, म्हणून ४८ आकडे. ब्राउझरने चिपला काही विचारलंच नाही, म्हणून तो बिनबोभाट चालला.

माझ्या वडिलांना पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागायचा. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांसमोर उभं राहून, त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारून झाल्यावरही, कागद दिल्याशिवाय ते कागदोपत्री जिवंत नसत. वडील चिडायचे, मी त्यांना नियम समजावायचो. इथे तर आणखी पुढची पायरी होती. ज्याच्यापाशी माझ्या मीपणाचा पुरावा होता, तो पठ्ठ्या चकचकीत पिशवीतून कुठल्याशा गोदामात गेला होता, आणि ऑफिसच्या सर्व्हरच्या लेखी खरा मी तो. डायनिंग टेबलाशी बसलेला, मेहुण्याचं नाव पासवर्ड म्हणून टाकणारा इसम कोण, हे त्याने का म्हणून मानावं?

इलाज मात्र छोटासा होता. सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफिसचं खातं तोडायचं, ओळखपत्रांचा व्यवहार सांभाळणारं एक फोल्डर बाजूला काढायचं, यंत्र परत चालू करायचं आणि खातं नव्याने जोडायचं. म्हणजे नव्या चिपमध्ये नवी किल्ली बनते. त्या फोल्डरच्या नावाचं शेपूट सी-डब्ल्यू-पाच-एन-एक-एच-दोन-टी-एक्स-वाय-ई-डब्ल्यू-वाय असं आहे. ते त्याने मला फोनवर सांगितलं. कुकर चालूच होता.

खातं पुन्हा जोडताना एक चौकट येते: या यंत्राचा कारभार तुमच्या संस्थेला पाहू द्यायचा का? खाली एक खूण आधीच केलेली असते आणि लोक डोळे मिटून ‘ओके’ करतात. मी मात्र या वेळी ती शब्दन् शब्द वाचली, मोठ्याने, त्याला ऐकू जाईल अशी. “सर, ओके करा,” तो म्हणाला. पट्टी उतरली. एक्सेल उघडलं, मॅक्रो चालला, आणि त्या महिन्याचा ३बी वेळेत गेला.

पण आमचा फोन तिथे संपला नाही. खरं काम पुढेच होतं. मी पुसलेला शेअर्ड फोल्डर परत जोडायचा होता. टॅलीच्या सर्व्हरचा पासवर्ड कुणापाशी आहे ते शोधायचं होतं. महाबळेश्वरचा फोटो काढायचा होता, कारण आउटलुकने आता दोन्ही खाती मांडली होती आणि वैयक्तिक खात्यावरून वेंडरला मेल जाण्याची भीती होती. प्रत्येक वेळी तो “सर, हे कसं झालं असेल?” असं विचारायचा, आणि मी “यंत्रच ते” म्हणायचो.

पुढच्या आठवड्यात हेल्पडेस्कने साइन-इनच्या तक्रारींसाठी नवा फॉर्म काढला. पहिला प्रश्न: ‘मदरबोर्ड किंवा इतर भाग नुकताच बदलला आहे का?’ उत्तरासाठी दोन चौकोन, हो आणि नाही. दुसरा प्रश्न: ‘तक्रार करण्याआधी आपण स्वतः काय काय केले? सविस्तर लिहावे.’ त्याच्याखाली जवळपास पानभर जागा सोडली आहे, आणि कमी पडली तर पुरवणी जोडता येते.