श्रेयांकांची खतावणी

राज्याच्या जमाखर्चाचा कारभार ज्यांच्याकडे असे त्या पंत अमात्यांच्या जहागिरीच्या गावी, म्हणजे गगनबावड्यास, जन्म घेऊन आणि महसुली दफ्तरात ३३ वर्षे येणेबाकी जुळवून निवृत्त झाल्यावर, इतिहासाच्या एम.ए.चा हिशेब आपणांस सहज उमगेल अशी माझी जी समजूत होती, ती पहिल्याच पत्रकाने धुळीस मिळविली. दोन वर्षांचे श्रेयांक ८८. पैकी ४४ पदरात पाडून थांबणाऱ्यास पदविका. आणि वर्गातील १५ तास बसले म्हणजे श्रेयांक एक. मूळ शब्द ‘क्रेडिट’. परंतु आमच्या पेठेत त्याचा अर्थ उधारी एवढाच असल्यामुळे, अण्णांच्या डोक्यावर अठ्ठ्याऐंशीचे क्रेडिट झाले ही वार्ता फुटताच वाण्याने आमचे खाते रोखीवर आणले.

या श्रेयांकांसाठी २०२१ साली सरकारने पेढीही काढली. ठेवीची मुदत फार तर ७ वर्षे. व्याज नाही, वारसनोंद नाही. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी, “सात पुरतील ना?” एवढेच विचारले.

पुढे पावसाळा लागला. कुंभीचे पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर चढले की कोल्हापूर आम्हांस विलायतेइतके दूर होते. दुष्काळात शेतसारा तहकूब करण्याचा शिरस्ता मी जन्मभर राबविला. अतिवृष्टीत तास तहकूब करणारे कलम मात्र नियमावली तीनदा चाळूनही हाती लागले नाही.

तथापि खरा प्रसंग गुदरला तो कार्यप्रशिक्षणाचा. त्यास श्रेयांक ४, म्हणजे १२० तास कोठे तरी प्रत्यक्ष काम. माझ्या ३३ वर्षांच्या नोकरीचे तास यात वळते करून घ्यावेत असा सविनय अर्ज मी केला. तो, पूर्वानुभव हे प्रशिक्षण नव्हे, अशा शेऱ्यानिशी परत आला. (असे शेरे मीही पुष्कळ मारले आहेत; त्यांची चव प्रथमच कळली.) अखेर ज्या कचेरीतून नारळ घेऊन बाहेर पडलो होतो, तिच्याच अभिलेखकक्षात उमेदवार म्हणून रुजू झालो, आणि ज्या रुमालांच्या गाठी मीच मारल्या होत्या त्या सोडून, झटकून, पुन्हा बांधू लागलो. माझा एकेकाळचा कनिष्ठ कारकून आता तेथील प्रमुख. तो बिचारा रोज उठून उभा राही, “अण्णा, तुम्ही बसा हो,” म्हणे, आणि मी बसलो की तास भरल्याची सही कशी करावी या विवंचनेत पडे.

दाखल्यावर त्याने लिहिले: ‘उमेदवार होतकरू आहे. गाठ मारण्यात सुधारणेस वाव.’