काट्याचं ऑडिट

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. खडकात कोरलेलं, लहानसं. तिथल्या इ.स. 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेचा हिशेब आहे : जमीन 270 हात लांब, 187 हात रुंद आणि देवाला रोज 50 माळा. त्या 270 च्या आणि 50 च्या शेवटी जे इवलंसं वर्तुळ आहे, ते भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक मानलं जातं. अकराशे वर्षांपूर्वी शून्य नेमकं कुठे लिहायचं हे ज्या गावाला कळत होतं, त्याच गावात आमची गाडी राहते. तिच्या पेट्रोलच्या काट्याला मात्र शून्याचा पत्ता अजून लागलेला नाही.

गाडी लहान आहे आणि मेळ्यातली आहे. हे दुसरं विशेषण बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेल्या आमच्या मेळ्यात लोक गालिचे घेतात, बरण्या घेतात आणि गाड्याही घेतात. सरकारनं मेळ्यातल्या गाड्यांना रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट दिली, की ज्यांना गाडीची गरज नाही तेही सूट वाया जाऊ नये म्हणून गाडी घेऊन येतात. आमच्या घरी गाडी आली ती अशी. लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत ती वळत नाही, हा मुद्दा सूट मिळाल्यावर लक्षात आला.

पहिली काही वर्षं काटा पाव टाकी जास्त दाखवायचा. याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. आमच्या दिवाणखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, सगळे मनातल्या मनात दहा वजा करतात आणि कुणाची गाडी चुकत नाही. काट्यातूनही आम्ही पाव वजा करत होतो. चुकणाऱ्याशी माणसाचं जमतं. त्यानं फक्त नेमानं चुकावं.

आमच्या काट्यानं नेम सोडला. महाराज बाड्यावर अर्धी टाकी, फूलबागेपाशी भरलेली आणि गोले का मंदिरला पोहोचेपर्यंत रिकामी. परत येताना पुन्हा अर्धी. पेट्रोल न भरता ती वाढलेली बघून बायकोला आनंद व्हायचा. तिचं म्हणणं, काटा खाली असताना काळजी करावी, वर असताना गाडी चालवावी. चिरंजीव काचेवर टिचकी मारत. टिचकीनं काटा हलला, की दुरुस्ती झाली असं ते जाहीर करत.

घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांचा मात्र काट्यावर मुळातच विश्वास नव्हता. त्यांचं निम्मं आयुष्य बजाज स्कूटरवर गेलं, आणि त्या स्कूटरला काटाच नव्हता. पेट्रोल संपायला आलं की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा, तेही संपलं की स्कूटर एका अंगावर कलती करून तळाचे थेंब कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचवायचे आणि किक मारायची. शिवाय अण्णा एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून, निवृत्त झालेले. उभ्या हयातीत त्यांनी कुणाच्या तोंडी सांगण्यावर शिल्लक मान्य केलेली नाही. त्यांनी एक वही घातली. रकाने आखले : तारीख, किलोमीटर, भरलेले लिटर, वहीनुसार शिल्लक, काट्यानुसार शिल्लक, तफावत, शेरा. लिटरला सोळा किलोमीटर धरून ते रोज रात्री जेवणानंतर गाडीचा ताळेबंद मांडू लागले.

अशात पुण्याहून आत्या आली. तिला शून्य बघायचं होतं. चतुर्भुज मंदिर पूर्वेकडच्या पायवाटेवर आहे आणि आत्याचे गुडघे ती चढण चढणारे नाहीत, म्हणून आम्ही गाडीनं उरवाई दरवाज्याकडून वर जायचं आणि मग जमेल तेवढं उतरायचं ठरवलं. उरवाईचा चढ खडा. दोन्ही बाजूंना पंधराव्या शतकातल्या अजस्र जैन मूर्ती. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, ती काट्याकडे बघत होती. खाली पाव टाकी दाखवणारा काटा चढाबरोबर चढत अर्ध्याच्या पुढे गेला.

“अगंबाई! तुमच्याकडे चढावर पेट्रोल वाढतं?”

यात चमत्कार काही नाही. टाकीत एका दांडीच्या टोकाला तरंगा असतो. चढावर पेट्रोल मागच्या बाजूला सरकतं. तरंगा मागच्या अंगाला असला तर तो उचलला जातो, पुढच्या अंगाला असला तर खाली बसतो. चांगल्या गाडीतही हे थोडंफार होतं, सपाटीवर आलं की काटा जागेवर येतो. मी हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. सपाटीवर आलो. काटा जागेवर आला नाही. पुढच्या छोट्या उतारावर तर तो तळाशी जाऊन बसला, आणि आत्यानं कोरीव शून्याच्या आधी हेच शून्य डोळे भरून पाहिलं.

परतीच्या दिवशी तिला स्टेशनवर सोडायला निघालो. काटा अर्ध्यावर ठाम. पडावच्या पुलावर मधोमध गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. जयविलास महालातल्या जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी आहे, तिच्या डब्यातली मद्याची सुरई उचलली की ती जागच्या जागी थांबते. आमची गाडीही त्याच घराण्यातली निघाली, फक्त हिची सुरई कुणी उचलली ते दिसलं नाही. पाच मिनिटांत सल्लागार जमले. एक म्हणाला बॅटरी, दुसरा म्हणाला कचरा, तिसऱ्यानं बॉनेट उघडून आत बराच वेळ आदरानं पाहिलं. पेट्रोल संपलं असेल असं कुणीच म्हणालं नाही, कारण प्रत्येकानं आधी काटा पाहिला होता. आत्या ई-रिक्षात बसून गेली. तिची गाडी तासभर उशिरा आल्यामुळे तिला मिळाली. रेल्वेचा उशीर हीसुद्धा नेमानं चुकण्याचीच रीत.

घरी आलो तर अण्णा शांत. त्यांनी वही पुढे केली. आदल्या रात्रीची नोंद होती : “वहीनुसार शिल्लक अर्धा लिटर. उद्या गाडी थांबेल.”

“अण्णा, मग सकाळी सांगायचं नाही का?”

“अरे, ऑडिटचा आक्षेप घटना घडल्यावर द्यायचा असतो. आधी सांगितलं तर तो सल्ला होतो.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीनं आधी आम्हालाच झापलं. टाकीतल्या विजेच्या पंपाला थंड ठेवण्याचं काम पेट्रोलच करतं, टाकी अशी कोरडी पडू देत गेलं की पंप जळतो आणि मग काट्याचं दुःख किरकोळ वाटू लागतं. त्यानं बिडी कानामागे खोवली, दारं सताड उघडली आणि मागची सीट उचलली. तिच्याखाली मुरैन्याच्या गजकचा चुरा, दोन नाणी आणि मुलाची हरवलेली पट्टी सापडली. त्याखाली गोल झाकण, झाकणावर वायरींचा जोड. जोड काढून त्यानं काट्याची वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली. काटा सरसर वर जाऊन भरलेल्यावर टेकला.

“काँटा ठीक है बाबूजी. उसको ख़बर ही ग़लत मिल रही है.”

इतके दिवस आम्ही ज्याला खोटारडा म्हणत होतो तो बिचारा नुसता निरोप्या निघाला. मग बॅटरी सोडवून मिस्त्रीनं टाकीतलं यंत्र अलगद बाहेर काढलं. तरंग्याची दांडी वर-खाली होते तशी एक बारीक पत्ती एका काळ्या पट्टीवर घासत फिरते. जागेप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलतो आणि त्यावरून काटा हलतो. तरंग्याला भोक पडलं तर तो बुडतो आणि काटा कायमचा तळाशी जातो. पट्टी झिजली तर मात्र काटा भरकटतो. मिस्त्रीनं मल्टिमीटर लावून दांडी सावकाश फिरवली. वरच्या निम्म्या भागात आकडे शिस्तीत बदलत गेले. खाली, पाव टाकीच्या आसपास, ते उड्या मारू लागले.

“बाबूजी, टंकी कभी फुल कराई है?”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वहीकडे पाहिलं. वहीत पाचशे रुपयांपेक्षा मोठी नोंद नव्हती. पट्टीचा वरचा भाग कोरा करकरीत होता आणि आम्ही जिथे आयुष्य काढलं त्या पाचशे रुपयांच्या इलाख्यात चर पडला होता. आमच्या घराची आर्थिक परिस्थिती इतक्या स्पष्टपणे कुठल्याच कागदावर नोंदलेली नाही.

अण्णांना मात्र यात काटकसरीचं प्रशस्तिपत्र दिसलं. त्यांनी विचारलं, अर्धी पट्टी नवीच आहे तर पूर्ण किंमत का द्यायची? मिस्त्रीनं कानामागची बिडी काढली, ओढायची नाही हे आठवून पुन्हा खोवली आणि नवं यंत्र बसवायला घेतलं.

मग अण्णा स्वतः पेट्रोल पंपावर आले. पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं आणि गिऱ्हाईक ते मागू शकतं. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतची चूक चालते. त्यांनी माप मागून घेतलं आणि आमच्या मागे लागलेल्या रांगेच्या साक्षीनं मशीन तपासलं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत किती साठा आहे हे कसं बघता, असंही विचारलं. माणसानं खुणा केलेली लांब दांडी दाखवली. ती टाकीत बुडवायची आणि ओली किती झाली ते बघायचं. लाखांचा धंदा एका दांडीवर चालतो हे कळल्यावर अण्णांचा त्या पंपावर जो विश्वास बसला तो बसलाच. पाच-पाच लिटर भरत, काट्याची प्रत्येक जागा टिपत, आमच्या गाडीची टाकी त्या दिवशी प्रथमच गळ्यापर्यंत भरली.

तेव्हापासून काटा खरं बोलतो आणि घरात कुणाचं मन लागत नाही. बायको सवयीनं पाव वजा करते आणि दर तीन दिवसांनी पंपावर जाते. मुलाची टिचकी चालूच आहे. शेजारी काटा बघून लिफ्ट मागतात, पूर्वी काटा बघून मागत नसत. अण्णांनी वही बंद केलेली नाही. महिनाअखेरीची नोंद त्यांनी लाल शाईनं केली : “तफावत निरंक. बाब संशयास्पद आहे. खुलासा मागवावा.”