क्लॉककाका

राहायला शारजात आणि नोकरी दुबई सिलिकॉन ओअॅसिसला, म्हणजे रोज थ्री-इलेव्हन हायवेवर गाडी रांगत न्यायची. म्हणूनच की काय, ‘काका, सातला येताय ना आरतीच्या सरावाला?’ या प्रश्नाला क्लॉककाका कधी ‘हो’ म्हणत नाहीत. ‘सात मागू नकोस. जवळात जवळ किती मिळतं बघतो.’ मग सात-वीसला उगवतात आणि वर ‘मर्यादेत आहे’ म्हणून टाळ उचलतात.

काका एम्बेडेड लिनक्समध्ये चिपच्या क्लॉकचे ड्रायव्हर लिहितात. मुळाशी एक क्रिस्टल, त्यावर गती वाढवणारा पीएलएल, खाली ती भागून देणारा डिव्हायडर, आणि शेवटी आपापल्या गतीसाठी ताटकळलेले सीरियल पोर्ट, पडदा, आवाज वगैरे मंडळी. 2012 साली कर्नल 3.4 मध्ये कॉमन क्लॉक फ्रेमवर्क आलं. त्याआधी प्रत्येक चिपवाल्याची चूल वेगळी होती. त्या काळाबद्दल काका आवाज खाली आणून बोलतात.

परवा ऑफिसातला नवा पोरगा घाबराघुबरा आला. ‘काका, सीरियल पोर्टला 115200 मागितले, 115385 मिळाले. चिप गंडलीय!’ काकांनी शवर्माच्या बिलाची मागची बाजू पुढे ओढली. 24 मेगाहर्ट्झ, भागिले 16, भागिले 115200. आले 13.02. ‘हा डिव्हायडर पूर्णांकच घेतो, बाळा. 13 घे. चूक किती? 0.16 टक्का. अरे, इतकं तर लग्नातही जुळत नाही.’

मात्र पोरानं मूळ पीएलएलची गती बदलायची गोष्ट काढली आणि काका खुर्चीतून उठलेच. ‘आधी भावंडं मोज!’ मागे कुणीतरी 44.1 किलोहर्ट्झच्या गाण्यासाठी 11.2896 मेगाहर्ट्झ हवेत म्हणून वरची गती हलवली होती. गाणं सुरेल झालं, पण त्याच पीएलएलवरचा पडदा थरथरायला लागला. तेव्हापासून शेजारी मुलाची शाळा बदलायचा सल्ला विचारायला आले, तरी काकांचा पहिला प्रश्न तोच असतो: भावंडं किती?

उन्हाळा हा त्यांचा खास शत्रू. घड्याळाचं 32768 हर्ट्झचं क्रिस्टल 25 अंशांच्या आसपास नीट चालतं. 60 अंशांवर दिवसाला साडेतीन सेकंद तरी मागे पडतं. आणि इथे जुलै-ऑगस्टमध्ये 25 अंश फक्त एसीच्या रिमोटवर दिसतात. उन्हात लावलेल्या गाडीत बसताना माणसं स्टिअरिंगला हात लावून ओरडतात. काका डॅशबोर्डवरचं घड्याळ बघून हळहळतात.

काकांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे, ज्यावर कुणी हक्क सांगितला नाही तो क्लॉक बूट संपता संपता कर्नलनं बंद करावा. ड्रायव्हर हक्क सांगायला विसरला, की बूटलोडरनं दाखवलेला लोगो दिसतो आणि मग पडदा काळाठिक्कर. ‘क्लॉक-इग्नोर-अनयूज्ड’ लिहून वेळ मारून नेणाऱ्यांना ते उभे करत नाहीत. ‘ती पॅरासिटामॉलची गोळी. दुखणं शोधा!’

हाच नियम ते घरात रात्री झोपण्यापूर्वी राबवतात. गणपतीच्या आदल्या रात्री स्टोअररूममधला जादा फ्रीझर त्यांना बेवारशी चालू दिसला, त्यांनी बटण दाबलं. आत दीडशे मोदकांचं सारण होतं. सकाळी काकू त्या पातळ झालेल्या सारणाचा डबा घेऊन समोर उभ्या राहिल्या.

‘कुणी क्लेम केलेला नव्हता,’ काका म्हणाले.

काकूंनी डबा ओट्यावर ठेवला, चहाचा गॅस बंद केला. ‘हाही नव्हता केला कुणी.’